नऊ नंबरच्या चाकावरचा खडू

३ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार शेवटी करीन, तोपर्यंत राग उतरला तर.

पत्र बघून वहिनीला हसू येईल. हातात फोन असताना ही बाई कागद कशाला खराब करते, म्हणेल. पण फोनवर माझा आवाज चढतो, तू "हं, हं" करतोस आणि मग विचारतोस, बरं, जेवलीस का? आपलं बोलणं दरवेळी माझ्या जेवणावर येऊन संपतं. म्हणून आता लिहूनच पाठवते. एकदा तरी शेवटपर्यंत ऐकून घेशील.

माझ्या टिपरचे, नऊ नंबरचे, मागचे ब्रेक गेलेत. जायला आलेत असं नाही, गेलेत. लायनरच्या पट्ट्या इतक्या घासल्यात की आतले रिव्हेट ड्रमला लागतात. ब्रेक दाबला की लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येतो आणि गाडी तिला वाटेल तेव्हा थांबते. खाणीपासून क्रशरपर्यंतचा उतार तुला पाठ आहे. तीन वळणं, एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला काही नाही, आणि तळाशी वजनकाट्याची केबिन. तिच्यात दोन माणसं दिवसभर उताराकडे पाठ करून बसलेली असतात. सोळा टन दगड घेऊन मी पहिल्या गिअरमध्ये उतरते, पाय ब्रेकवर आणि हात हँडब्रेकवर. दिवसाला नऊ खेपा.

गॅरेजमधल्या उस्तादला तीनदा सांगितलं. तो म्हणतो, लायनर आहेत का माझ्याकडे, माझी कातडी काढून लावू? मुकादमाला सांगितलं. तो म्हणतो, कागदावर तर तुझी गाडी ठणठणीत आहे.

आणि कागदावर ठीक मीच लिहिते. तू इथे मेकॅनिक होतास तेव्हाचंच सगळं अजून चालू आहे. सकाळी फाटकावर तपासणीचा कागद द्यायचा. अकरा ओळी, बरोबरच्या अकरा खुणा, खाली सही. एक जरी फुली दिसली तर वॉचमन दांडा उचलत नाही. गाडी उभी आणि ड्रायव्हर घरी. म्हणून कागदावर कोणी खरं लिहीत नाही. खरं दुखणं आम्ही पुढच्या उजव्या चाकावर खडूने काढतो. एक रेघ म्हणजे इंजिन, दोन म्हणजे ब्रेक, गोल म्हणजे स्टिअरिंग. उस्ताद काम करतो आणि खडू पुसतो. चाक स्वच्छ दिसलं की समजायचं, गाडी झाली. ही युक्ती तू काढलीस हे उस्ताद अजूनही नव्या माणसाला कौतुकाने सांगतो.

माझ्या चाकावर महिनाभर दोन रेघा आहेत. धुळीने गेल्या की पुन्हा ओढते.

तू आता मुख्य कचेरीत बसतोस. कुठल्या खाणीवर कुठला सुटा भाग जायचा ते तुझ्या टेबलावर ठरतं. बहीण म्हणून मागत नाही. ड्रायव्हर म्हणून मागते. लायनर पाठव.

राग उतरला नाही. नमस्कार राहिला.

ठिणगी


११ फेब्रुवारी

प्रिय ठिणगी,

आबांनी तुझं हे नाव पाडलं तेव्हा तू तीन वर्षांची होतीस आणि बंद दाराला लाथा मारत होतीस. मधल्या काळात दार बदललं, एवढंच.

वहिनी हसली नाही. तिने तुझं पत्र दोनदा वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू लायनर मीच खिशात घालून घरी आणलेत. तेव्हा आधी तिचं समाधान कर.

तुझी मागणी माझ्यासमोर आहे. लायनर निघालेत. आठवड्याभरात पोचतील, फार तर दहा दिवस. तोवर हळू चालव, गाडी कमी भरून घे आणि कागदावर फुली मारायचा पराक्रम करू नकोस. तू कोणाची बहीण आहेस हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तू फुली मारलीस की साहेब मला बोलावून विचारणार, घरातलं माणूस सांभाळता येत नाही का? वरच्यांकडून काम काढून घ्यायचं तर जरा गोडीने घ्यावं लागतं. डोक्यात राख घालून लायनर येत नाहीत.

मी स्वच्छ शर्ट घालतो म्हणून ग्रीस विसरलो असं समजू नकोस. माझी नखं अजून काळीच आहेत.

आणि हो, जेवलीस का?

दादा


२ मार्च

दादा,

आठवडा झाला, दहा दिवस झाले, एकोणीस झाले. लायनर कुठल्या वाटेने येताहेत? चालत येत असते तरी पोचले असते.

मी इथे सगळ्यांना सांगून बसले की माझ्या भावाने पाठवलेत, येतीलच. माझ्यापेक्षा जास्त आनंद लंब्याला झाला. तुला आठवतो ना, अकरा नंबरवाला, ज्याचे गुडघे गाडीत स्टिअरिंगला लागतात? तो म्हणाला, तुझा दादा आपल्यातला आहे, तो शब्द देतो तर माल येणार. मी मान हलवली. आता रोज सकाळी तो मला लांबूनच भुवया उडवून विचारतो आणि मी तोंड फिरवते.

काल सकाळी दुसऱ्या खेपेला मधल्या वळणावर ब्रेक दाबला आणि काहीच झालं नाही. आवाजसुद्धा नाही. हँडब्रेक ओढला, गाडी खडकाच्या बाजूला घासत नेली, आरसा तुटला, थांबली.  मग गाडी रिकामी करून घेतली, रांगत रांगत गाड्यांच्या अंगणात आणून लावली, चाकावर हाताएवढ्या दोन रेघा ओढल्या आणि मुकादमाला सांगितलं, ब्रेक होईपर्यंत मी हिच्यात बसणार नाही.

तो म्हणाला, सकाळी ठीक म्हणून सही केलीस ना? मी म्हटलं, केली. तो म्हणाला, मग सकाळी खोटं बोललीस की आता बोलतेस?

दहा माणसं बघत होती.  मला आठ दिवस घरी बसवलंय, तुटलेल्या आरशाबद्दल. राग मुकादमाचा येतो, बघत उभ्या राहिलेल्यांचा येतो, आणि खरं सांगू, सकाळची सही माझीच होती याचा सगळ्यात जास्त येतो.

लायनरचं बघ. मी परत जाईन तेव्हा ते गाडीत बसलेले हवेत.

ठिणगी


१२ मार्च

दादा,

तुला कचेरीत कळलंच असेल. कागदावर कसं कळलं असेल ते माहीत नाही, म्हणून मी सांगते.

लंब्या नऊ नंबर घेऊन उतारावरून गेला. परवा, माझ्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी. पहिलं वळण त्याने घेतलं, दुसरं घेतलं. तिसऱ्यानंतर समोर वजनकाट्याची केबिन. केबिनमधली दोघं सांगतात की हॉर्न सतत वाजत होता म्हणून ते वळून बघायला उठले. लंब्याने गाडी केबिनच्या अलीकडे खडीच्या ढिगात घातली. त्या दोघांना ओरखडाही नाही. लंब्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

तुला वाटेल, तो त्या गाडीत बसलाच कसा? मलाही तेच वाटलं. मी तर हाताएवढ्या रेघा ओढून गेले होते.

शुक्रवारी बाहेरचे कोणी मोठे गिऱ्हाईक खाण बघायला येणार होते. म्हणून आदल्या दिवशी सगळ्या गाड्या पाण्याच्या फवाऱ्याने धुतल्या आणि चकाचक करून रांगेत लावल्या. माझ्या रेघा पाण्यात गेल्या. सोमवारी लंब्याच्या गाडीचं चाक फुटलं, मुकादमाने त्याला नऊ नंबर घ्यायला सांगितली. लंब्याने विचारलं, ठिणगीच्या गाडीचं काम झालं का? मुकादम म्हणाला, चाकावर खडू दिसतोय का तुला? एवढंच म्हणाला. झालं म्हणाला नाही, नाही झालं म्हणाला नाही.

लंब्याने वाकून चाक बघितलं. चाक स्वच्छ होतं. फाटकावर त्याने कागद दिला, अकरा खुणा केलेला.

तुझे लायनर वाटेत कुठे अडकलेत ते मला कळलंच पाहिजे. ज्याने अडकवले त्याचं नाव मला सांग. मी त्याला सोडणार नाही.

ठिणगी


१९ मार्च

प्रिय ठिणगी,

बातमी कळली. लंब्याला माझा निरोप सांग.

लायनरना वाहतुकीत उशीर झाला. अशा गोष्टी होतात, त्यात कोणा एकाचं नाव घेता येत नाही.

आता शांतपणे वाच. तीस तारखेला चौकशीला सरकारी निरीक्षक येणार आहेत. साहेबांचं म्हणणं असं की उतारावर गाडी चुकीच्या गिअरमध्ये होती. ते खरं की खोटं यात तू पडू नकोस. तुला विचारलं तर म्हण, मी सुट्टीवर होते. ते खरंच आहे. त्या दिवशीच्या कागदावर लंब्याची सही आहे, पण त्याआधीच्या सगळ्या कागदांवर तुझी आहे. ब्रेक खराब होते असं तू म्हणालीस तर पहिला प्रश्न तुलाच येईल, मग रोज ठीक का लिहिलंस? परवाना जाईल. पुन्हा कुठली गाडी हातात मिळणार नाही. आबांच्या मागे तुझी जबाबदारी माझ्यावर आहे, मी हे तुझ्या भल्याचंच सांगतोय.

माझी पत्रं घरात ठेवू नकोस.

दादा


२४ मार्च

दादा,

तुझी दोन्ही पत्रं माझ्यासमोर आहेत. घरातच आहेत आणि राहणार आहेत.

मी काल भांडारात गेले. आपल्या खाणीवर जो माल यायला निघतो त्याची चिठ्ठी भांडारवाल्याकडे आधी येते, माल मागून येतो. मी त्याला जानेवारीपासूनच्या सगळ्या चिठ्ठ्या काढायला लावल्या. नटबोल्ट आलेत, तेल आलंय, गिऱ्हाइकांसाठी नव्या पांढऱ्या टोप्या आल्यात. लायनरची चिठ्ठी नाही. वाटेत अडकले नाहीत, उशीर झाला नाही. ते निघालेच नव्हते.

तू मला खोटं सांगितलंस. मी चिडते म्हणून, माझं तोंड बंद व्हावं म्हणून, लहानपणी रडायला लागले की हातात काहीतरी द्यायचास तसं खोटं हातात दिलंस. आणि मी ते घेऊन सगळ्या अंगणाला वाटलं. लंब्याने चाक बघितलं तेव्हा खडू नव्हता, आणि त्याच्या डोक्यात होतं की ठिणगीच्या दादाने माल पाठवलाय. दोन्ही जुळलं. अजून कशाला विचारेल कोणी?

माझ्या हाताने ठीक लिहिलेले त्रेचाळीस कागद आहेत. मोजले. ते मी नाकारणार नाही. पण तुझा एक शब्द त्या त्रेचाळिसांच्या वर बसलाय.

काल दवाखान्यात गेले तर मुकादम लंब्याच्या उशाशी बसलेला. हातात टाइप केलेला कागद. त्याला म्हणत होता, गाडी माझ्या हातून चुकीच्या गिअरमध्ये होती असं लिहून दे, कंपनी तुला फाटकावर वॉचमनची जागा देईल. लंब्याची बायको मला दारात ओढून म्हणाली, तुम्ही मध्ये पडू नका, त्याला एका पायावर दुसरं कोण काम देणार? लंब्या म्हणतो, सही करतो ठिणगी, तीस तारखेच्या सकाळी देतो म्हणून सांगितलंय, खरं सांगून माझा पाय उगवणार आहे का?

मला तिथे किंचाळावंसं वाटलं. दोन माणसं वाचवली त्याने, आणि आता तोच लिहून देणार की चूक माझी. आणि आयुष्यभर त्याच फाटकावर उभा राहून तेच अकरा खुणांचे कागद गोळा करणार.

लायनर का निघाले नाहीत याचा कागद तुझ्या कचेरीत असणार. तो मला तीस तारखेच्या आधी हवा. माझी काळजी करतोस असं पुन्हा लिहू नकोस. तुझ्या काळजीचं काय होतं ते मी दवाखान्यात बघून आलेय.


२७ मार्च

ठिणगी,

तू सही केली नाहीस पत्राखाली. माझ्या लक्षात आलं.

सोबत कागदाची प्रत आहे. जानेवारीच्या नऊ तारखेची मागणी. सहा गाड्यांचे मागचे लायनर, त्यात नऊ नंबर दुसऱ्या ओळीत. मागणी मीच केली होती, म्हणजे तुझं पत्र यायच्या आधीपासून मला माहीत होतं. खाली साहेबांचा शेरा आहे, "गाड्या चालू आहेत. पुढच्या तिमाहीत बघू." त्याच्याखाली "मान्य" लिहून माझी सही. मला कोणी हात धरून करायला लावली नाही. चहा येईपर्यंत मी आठ कागदांवर सह्या केल्या, त्यातला हा एक.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा हा कागद काढून परत साहेबांपुढे ठेवता आला असता. मी विचार केला, ठिणगी आहे, ती कशावरही पेटते. आणि "निघालेत" असं लिहून टाकलं. लिहिताना वाटलं होतं की महिनाभरात खरोखर निघतील, मग ते खोटं राहणार नाही. मी मेकॅनिक होतो. रिव्हेट ड्रमला लागले म्हणजे काय हे मला कोणी समजवायला नको होतं.

वहिनीला सगळं सांगितलं. 

कागद निरीक्षकांना दे. माझं नाव झाकू नकोस. चौकशीला मला बोलावलेलं नाही आणि मी आपणहून यावं एवढी छाती माझी नाही, हेही लिहूनच टाकतो.

दादा


९ एप्रिल

दादा,

चौकशी झाली. तुला कचेरीतून अर्धं कळलं असेल, बाकीचं मी सांगते.

कागद मी आधी लंब्याला नेऊन दाखवला, तीस तारखेला सकाळी, मुकादम पोचायच्या आत. त्याने साहेबांचा शेरा वाचला, मग पुन्हा वाचला. मुकादम आल्यावर त्याने सहीसाठी हात पुढे केला नाही. बायको रडली आणि माझ्याकडे न बघता भिंतीकडे तोंड करून बसली. तिला मी काय सांगणार?

निरीक्षक म्हणजे चष्मा लावलेली एक बारीक बाई. साहेब तिच्यासमोर कागदांचा गठ्ठा ठेवून म्हणाले, बघा, रोजची तपासणी, रोज ठीक, ड्रायव्हरच्याच सह्या. मी उभी राहिले आणि म्हटलं, यातले त्रेचाळीस माझे आहेत आणि त्रेचाळीसही खोटे आहेत. तिने विचारलं, मग खरं कुठे लिहिता? मी म्हटलं, चाकावर.

तिला कळेना. तिने खडूचं ऐकलंच नव्हतं. मी समजावून सांगितलं तर साहेब हसले, म्हणाले, या पोरखेळाला काय अर्थ आहे? तिने त्या दिवशीचे सकाळचे कागद मागितले आणि उठून अंगणात गेली. आम्ही सगळे मागे. सतरा गाड्या उभ्या होत्या. सतरा कागद, सगळे ठीक. ती एकेका गाडीपाशी जाऊन वाकून पुढचं उजवं चाक बघत गेली आणि कागदावर काहीतरी लिहीत गेली. अकरा चाकांवर खडू होता. त्यातल्या पाचांवर दोन रेघा. साहेबांचं हसणं सहाव्या गाडीपर्यंत टिकलं.

मग तिने तुझा कागद वाचला.

अकराही गाड्या तिने तिथल्या तिथे बंद केल्या. लंब्याच्या अंगावर काही ढकलता येणार नाही असं लेखी दिलं. माझा परवाना सहा महिने गेला, खोट्या सह्यांबद्दल. बरोबर आहे, मी तक्रार केली नाही. ज्यांच्या गाड्या बंद झाल्या ते ड्रायव्हर माझ्याशी बोलत नाहीत. उस्ताद तेवढा बोलतो. अंगणात आता कोणी खडू हातात धरत नाही आणि कागदावर फुल्या दिसायला लागल्यात, असं तो सांगत होता. किती दिवस टिकेल ते बघू.

साहेबांची बदली होणार म्हणतात. तुझं काय झालं ते तू कळवलं नाहीस.

आता खरं सांगायचं ते. लंब्याला मी लायनरचं सगळं सांगितलं, तुझी सही, तुझं "निघालेत" सगळं. वाटलं होतं शिव्या घालेल, मीही दोन घालेन, मोकळे होऊ.  तो म्हणाला, "त्या सकाळी मी मुकादमाच्या शब्दावर गाडीत बसलो नाही गं. त्याच्या शब्दावर कोण बसतो? तुझ्या दादाच्या शब्दावर बसलो." पुढे म्हणाला, "कागद पाठवला ते बरं केलं त्याने. पण कागद काय, पोस्टमनही आणून देतो."

मी तुझ्यावर चिडलेली आहे आणि ते इतक्यात जाणार नाही. वहिनीला सांग, तिच्यावर नाही. तुझी छाती नाही असं तू लिहिलंस ते मी त्याला वाचून दाखवलं नाही. ते तूच त्याला सांग, त्याच्या समोर बसून, त्याचा पाय जिथे संपतो तिकडे बघून. पत्र पाठवलंस तर मी न फोडता परत करीन.

गुरुवारी त्याचं दुसरं ऑपरेशन आहे. बुधवारी भेटायची वेळ चार ते सहा. सकाळच्या पहिल्या बसने निघालास तर पोचतोस.

ठिणगी